मिस्त्रींच्या पायाखालची फरशी

डॉक्टर : डोळे मिटा काका, पाय जुळवून उभे राहा. पडायला लागलात तर मी धरते.

मिस्त्री : मी उभाच आहे. तुमची खोली हलतेय.

बायको : ऐकलंत डॉक्टर? घरीही हेच. पलंग हलतो, न्हाणीघर हलतं, मी हलते. हे तेवढे जागच्या जागी.

डॉक्टर : बरं, बसा. जहाजावरून येऊन किती दिवस झाले?

बायको : सव्वीस. आठ दिवसांची सहल होती. सामान उतरलं, मी उतरले, हे अजून उतरायचेच आहेत.

डॉक्टर : जहाजावर उलट्या वगैरे झाल्या?

मिस्त्री : छे, तिथे ठणठणीत होतो. हीच आडवी पडली होती. मी दोन्ही ताटं संपवत होतो.

बायको : हे सांगायची काही गरज होती?

डॉक्टर : काम काय करता काका?

मिस्त्री : फरशा बसवतो. चौतीस वर्षं.

बायको : आता उखडतात. परवा एका घरी भिंतीच्या फरशा लावल्या आणि दोनदा काढल्या.

मिस्त्री : ओळ तिरकी दिसत होती.

बायको : आणि पाणसळ काय म्हणत होती?

मिस्त्री : बुडबुडा मधोमध होता. मला वाटलं, पाणसळच बिघडली. नवी आणली. तीही तेच म्हणाली.

डॉक्टर : तुमचे कान ठीक आहेत, बाकी तपासण्याही चांगल्या आहेत. लाटांची सवय झाली की काही जणांचा मेंदू ती जमिनीवर आल्यावरही सोडत नाही. बहुतेकांना हळूहळू आपोआप बरं वाटतं. तोवर शिडीवर चढायचं नाही. कशाने आराम पडतो का?

मिस्त्री : तसं काही नाही.

बायको : रोज दुपारी तीन तास कुठे जाता, ते सांगा ना. डॉक्टर, शेजारीण म्हणते, तुमचे मिस्त्री झोकांड्या खात घरी येतात. शेवटी मी यांच्या तोंडाचा वास घेतला. या वयात.

मिस्त्री : बसमध्ये बसतो.

बायको : कोणाबरोबर?

मिस्त्री : कंडक्टरबरोबर. पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत, आणि परत. बस चालू लागली की माझं डुलणं थांबतं. खाली उतरलो की पुन्हा सुरू.

डॉक्टर : या त्रासात असं होतं खरं.

बायको : मला सांगितलं असतं तर डबा करून दिला असता. मी इकडे काय काय विचार करून बसले होते.

डॉक्टर : पुन्हा जहाजाने जायचा बेत नाही ना?

बायको : आमची मुलगी त्याच जहाजावर नोकरीला आहे, पावाच्या भट्टीवर. तिनेच हौसेने बोलावलं होतं. जमिनीवर भट्ट्या नाहीत का, म्हणून हे तीन वर्षं तिच्याशी धड बोलत नव्हते.

डॉक्टर : तिला हे माहीत आहे?

मिस्त्री : नाही, आणि सांगायचंही नाही. पहाटेपासून उभी असते पोरगी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिला काय सांगू, तुझ्या जहाजाने बापाला कामातून घालवलं?

बायको : मी सकाळीच सांगितलं. हा बघा, तिचाच फोन.

(बायको फोन स्पीकरवर ठेवते.)

मुलगी : बाबा, गादीवरून चालल्यासारखं वाटतं ना?

मिस्त्री : तुला कसं कळलं?

मुलगी : पहिल्या सुट्टीत मला पाच आठवडे तसंच होत होतं.

मिस्त्री : तेव्हा तर तू दिवसभर बाहेर असायचीस.

मुलगी : बसमध्ये असायचे.

मिस्त्री : आणि मी म्हणालो, हिचा घरात पाय ठरत नाही.

मुलगी : ठरतच नव्हता बाबा. फरशी हलायची. तुम्हीच बसवलेली फरशी, तुम्हाला सांगणार कशी?

बायको : बापलेक अगदी एका साच्यातले. दोघांनी बस पालथ्या घातल्या, आणि घरात मला पत्ता नाही.

डॉक्टर : काकू, बाहेर चार जण थांबलेत हो.

बायको : आम्ही बाहेरच्या बाकावर बसतो. चला, माझा हात धरा.

मुलगी : बाबा, तुम्ही दवाखान्यात आहात. ठेवू का?

मिस्त्री : नको, ठेवू नकोस. ते पाच आठवडे तू एकटीने कसे काढलेस?

मुलगी : सांगायला लागले तर वेळ लागेल.

मिस्त्री : लागू दे. मला घाई नाही.