बैठकीतला स्पीड

हॅलो?… हां, बोला… अहो, रेणुकाच बोलून राहिले. तुमच्या घरी दुसरं कोण उचलणार माझा फोन?

हाव, आला होता. ऑनलाइन क्लासच्या कंपनीतून, सकाळीच… काय म्हणणार? काल मी अपूर्णांक शिकवून राहिले होते, अन् तिकडं पोरांच्या स्क्रीनवर माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पोरं हसून राहिली, मॅडमचा पुतळा झाला म्हणून… हाव. आज स्वतः बघणार हायेत ते. आज अटकलं की काम गेलं.

न्हाई, न्हाई, राउटर चांगला हाय… हाव, डब्यावर स्पीड बाराशे लिहिलंय, वाचलंय मी. डब्यावर! अहो, प्लान आपला शंभरचा. टाकी केवढी बी आणा, नळाला येतंय तेवढंच पाणी ना?… अन् ते शंभर तरी माझ्यापर्यंत कुठं येतंय? मधी तुमच्या आजोबांच्या दगडी भिंती. आतल्या खोलीत चार येतंय. कधी तीन.

भरपूर येतंय? कोण म्हणलं?… तुम्ही बघितलात. कुठं बसून बघितलात?… बैठकीत ना? अप्पांच्या बाजूला, राउटरखाली, चहा पीत. तिथं येणारच की! मी बसते का तिथं कधी?

अहो ऐका ना… ऐका… तीन हजारवाला बी नको. भिंत काय डबा वाचत न्हाई… तार आत ओढायची? विचारलं. ती देवघराची भिंत हाय सूनबाई, भोक पाडायचं न्हाई म्हणल्या अव्वा.

काय सोडू?… काम? का म्हणून? बघायला आलात तवा तुम्हालाच बीएडवाली बायको पायजे होती… हे बघा, तिकडं नांदेडला बसून मला सांगू नका. त्या पोरांपुढं मी रेणुका मॅडम असते. घरात दिवसभर नुसती 'अगं ए' असते. न्हाई सोडणार. लई वाईट वाटतं मला, तुम्ही असं खामखा बोललात की.

मी बैठकीत बसणार… हाव, बैठकीत. आजच. खुर्ची टाकून… असू द्या की पाहुणे. विरूपाक्ष काका आलेत उदगीरहून, बसलेत अप्पांसंगं… म्हणू द्या लोकांना, सून सासऱ्यासमोर बसली… पदर? हाय की डोक्यावर. पदरानं स्पीड अडत न्हाई.

अप्पा काय म्हणतील, अप्पा काय म्हणतील! लग्न झाल्यापासून हेच ऐकून राहिले. विचारतेच आता. थांबा, ठेवू नका.

अप्पा… ओ अप्पा… माझा क्लास हाय. आत नेट येत न्हाई. इथं बसू का?… हाव, इथंच, राउटरपाशी… तासभर… बरं.

हॅलो? हायेत ना तुम्ही?… टीव्ही बंद केला त्यांनी. काकांना घेऊन अंगणात गेले, चहा तिकडंच पाठव म्हणले… रागानं न्हाई हो! हसत गेले. गणित मला बी कधी जमलं न्हाई, बस म्हणले.

हॅलो?… ऐकलंत ना?

अप्पांनी तर एका शब्दात जागा दिली. म्हणजे इतके दिवस 'न्हाई' म्हणून राहिले होते ते तुम्हीच. नाव तेवढं अप्पांचं घेत होता… न्हाई, आता न्हाई. संध्याकाळी बोलू.

पोरं आली. ठेवते.