नको म्हटलेली पिकअप

ऐका. जवळ सरका, भट्टीला धग आहे अजून. चिरमुऱ्यांची भट्टी लगेच निवत नाही. आणि पोत्यांना टेकून कुणी बसू नका. का ते कळेल.

दिवस बुडाला होता. अंधार पडला होता. आणि आम्ही दोघं निघालो. मी आणि तुमचे केरबानाना. ते बघा, खांबाला टेकून डोळे मिटून बसलेत. झोपले नाहीत हां! ही गोष्ट सुरू झाली की ते असेच बसतात.

"तू सांग गं. मी कुठं काय म्हणतोय?"

बघा! म्हटलं नव्हतं?

तर त्या वेळी आमच्याकडं बैलगाडी होती. पवळ्या आणि बाशिंग्या, दोन बैल. चिरमुऱ्यांची पोती लादायची आणि जत्रेला जायचं. लांबच्या जत्रेला पोचेपर्यंत पालखी देवळात परत गेलेली असायची आणि गिऱ्हाईक घरी. यांच्या मनानं घेतलं, पिकअप घ्यायची. नवी कुठली? जुनीच. माळेवाडीच्या गणपा शेडबाळेकडं एक होती. त्याला बैल हवे होते, यांना गाडी. त्यानं पिकअप द्यायची, आम्ही बैलजोडी द्यायची.

आणि मी म्हणत होते, नको.

नको नाही तर काय म्हणू? पत्रा गंजलेला. माझ्या बाजूचं दार सुतळीनं बांधलेलं. एक दिवा रस्त्यावर बघायचा, दुसरा झाडावर. मी म्हटलं, "बैल म्हातारा झाला तरी आपल्या पायानं घरी येतो. ही येईल ती ढकलतच." आणि खरं सांगू का, बैल गेल्यावर गोठ्यात बघायचं कुणाकडं? पण हे चिरमुरे विकून चूल पेटत होती आमची. जवळच्या दोन जत्रांवर घर कसं चालायचं, तेही मला दिसत होतं.

गणपा म्हणाला, "वहिनी, भांडू नका. आज घेऊन जा, चालवून बघा. पटली तर उद्या बैल आणा. नाही पटली तर आणून लावा माझ्या दारात."

असं म्हणून त्यानं काय केलं ठाऊक आहे? पुढच्या काचेजवळचा देवाचा फोटो काढला. लिंबू-मिरची सोडली. काळी बाहुली सोडली. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "तुम्ही जनावर विकताना दावं देता का? दावं घरातच ठेवता ना? तसंच हे. माझ्या घरची लक्ष्मी माझ्या घरी."

आम्हाला ते पटलं! जनमभर जनावरं सांभाळलेली माणसं आम्ही. मान डोलावली आणि बसलो गाडीत. मागं हौद्यात बाजारात उरलेलं चिरमुऱ्यांचं एक पोतं टाकलं.

मोठा रस्ता होता हो. पण हे म्हणाले, "कुसळीच्या खिंडीतनं जाऊ. चढ आहे. इंजिनात जीव किती ते कळेल."

कळलं! चांगलंच कळलं.

खिंडीच्या तोंडापर्यंत मी एकसारखी बोलत होते. नको ही गाडी. उद्या परत नेऊन द्या. नको म्हणजे नको. चढ लागला. दोन्ही बाजूंना काळा कातळ. तेवढ्यात मागून आवाज आला.

कुर्रम.

मी म्हटलं, पत्रा वाजला असेल. परत. कुर्रम, कुर्रम, कुर्रम. पोरींनो, चिरमुऱ्यात जन्म गेला माझा. चिरमुरे खाल्ल्याचा आवाज मला कळणार नाही?

"अहो, मागं कुणी चढलंय."

"चालत्या गाडीत कोण चढणार? घूस असेल."

घूस! अहो, घूस दाढेखाली चावते का? मचमच करत, चवीनं?

मग गाडीचं ढुंगण बसलं. हसू नका. चिरमुऱ्यांचं पोतं म्हणजे वजन ते किती! लहान पोर उचलेल. पण हौदा खाली खाली जायला लागला, जसं कुणी दगड भरतंय. पुढची चाकं हलकी झाली. इंजिन धापा टाकायला लागलं. यांनी पहिला गिअर टाकला. गाडी मुंगीसारखी सरकते आहे आणि मागं चाललंय, कुर्रम, कुर्रम.

आणि मागच्या काचेवर टकटक झालं.

वळून बघू नये. हे मला माहीत होतं. मी नाही वळले. पण समोरच्या आरशात हात दिसला. लांब. कोपराच्या खाली आणखी एक कोपर. आणि आवाज आला, अगदी गिऱ्हाइकाचा आवाज, "मीठ कमी पडलंय."

"ते खरंच म्हणालं हं तसं."

बोलले! ऐकलंत ना? तेव्हा मात्र घूस म्हणत होते!

गाडी बंद पडली. चढावर मधोमध. यांनी सेल्फ मारला, नाही. परत मारला, नाही. ब्रेकवर दोन्ही पाय दिलेले, तरी गाडी मागं सरकायला लागली. हळूहळू. मागं वळण आणि वळणाखाली दरी! मी ओरडले, "अरे, कोण आहेस तू? काय पाहिजे?"

आणि माझ्या कानाशी, अगदी इथं, उत्तर आलं, "गाडी."

"ती गणपाची आहे!"

"त्यानं देव काढून नेला. त्याची संपली."

"मग आमची आहे!"

तेव्हा ते हसलं. पोत्यातून चिरमुरे ओतावेत तसं हसलं. "तू तर खिंडीच्या तोंडापर्यंत नको नको म्हणत आलीस. त्याला नको, तुला नको. मग माझीच की!"

माझ्या अंगाला घाम सुटला. कारण खरं होतं! नवं जनावर दारात आलं की आपण काय करतो? पायांवर पाणी घालतो, कपाळाला कुंकू लावतो, तोंडात भाकरी देतो. तोवर ते घरचं होत नाही. ही गाडी एका घरातून सुटली होती आणि दुसऱ्या घरात आली नव्हती. दावं सुटलेलं जनावर रानात सोडावं, तशी आम्ही तिला खिंडीत आणली होती. आणि चाक मागं सरकतच होतं.

मी सुतळी तोडली. दार उघडलं. हे ओरडतायत, "उतरू नको!" माझ्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं, तशीच उतरले. डोळे खाली. मागं बघितलं नाही. बाटलीतलं पाणी पुढच्या चाकांवर ओतलं. माझ्या कपाळाचं ओलं कुंकू बोटानं काढलं आणि बॉनेटला लावलं. फडक्यात भाकरी होती. आता गाडीचं तोंड कुठं? जाळीत खुपसली भाकरी! आणि मोठ्यानं म्हटलं, "ये बाई. आमच्या घरची हो. बैलांची जागा तुझी."

तेवढ्यात मागून गणपाचा आवाज! हुबेहूब गणपा. "वहिनी, सौदा मोडला! ठेवा गाडी तिथंच, मी आलोय न्यायला!"

जीव असा हुरळला. माझे बैल राहत होते की! एक शब्द बोलायचा, बस. आणि मी बोलले, "नाही देत! माझी आहे ती!"

गाडी थांबली. यांनी सेल्फ मारला आणि पहिल्या फटक्यात लागली. हौदा असा वर उसळला की मी कशीबशी दारात लटकले. यांनी पदरासकट मला आत ओढलं. आणि मग जी सुटली गाडी! मागून कुणीतरी खिंड संपेपर्यंत धावत होतं. पायांचा आवाज नव्हता. नुसतं कुर्रम, कुर्रम.

सकाळी उजेडात बघितलं. पोत्याची शिवण जशीच्या तशी. आत एक दाणा नाही. तेव्हापासून पोत्याला पाठ लावून मी कुणाला बसू देत नाही.

बैल दिले. रडले मी, खोटं कशाला बोलू. पण त्या गाडीनं आम्हाला कुठल्या कुठल्या जत्रा दाखवल्या! पालखी निघायच्या आधी आमचं दुकान लागलेलं असायचं. तुमच्या आईला बाळंतपणाला रात्री तिनंच नेलं. तू गं धाकटे, तू जन्मलीस त्याच हौद्यात, गोधडीवर, दवाखान्याच्या दारात. तिचे उपकार मी कसे विसरू? आणि त्या खिंडीतल्याचे तरी कसे विसरू? ते मागायला आलं नसतं, तर मी सकाळी गाडी परत केली असती. खाल्लं एक पोतं, खाऊ दे. उपाशी असेल बापडं.

पण म्हणून तुम्ही जाऊ नका हं तिकडं! दिवस बुडाल्यावर कुसळीच्या खिंडीत पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवते. लांबचा रस्ता धरा. उशीर झाला तर होऊ दे, घरचे जागे राहतील. आणि ज्या गाडीत बसलाय तिला, वाटेत असताना, चुकूनसुद्धा नको म्हणू नका. ऐकणारं कोण जवळ बसलंय, सांगता येत नाही.