ह्यांनी लिहिलेली जाहिरात

हसू नका गं, पण माझ्या ऑनलाइन कुर्त्यांच्या दुकानाची एकमेव छापील जाहिरात आमच्या ह्यांनी लिहिली होती. नोएडातल्या आमच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका निघणार होती. दिवाळीपर्यंत विक्री झाली नाही, तर दुकान बंद करायचं मी ठरवलं होतं.

मी लिहिलं होतं, "सुती कुर्ते, घरबसल्या मागवा." ह्यांनी कागद ओढून घेतला. सगळी नोकरी दिल्लीच्या सरकारी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेलेली. म्हणाले, "अशी भाषा असते का?" आणि लिहिलं, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सुती कुर्ते उपलब्ध करून देण्यात येत आहेत."

निवृत्तीनंतर वर्षभर नुसता खिडकीशी बसलेला माणूस पहिल्यांदा पेन हातात घेत होता. मी तसंच छापायला दिलं.

एकच फोन आला. "अच्छा वहिनी, ह्यासाठी अर्जाची शेवटची तारीख काय?"

हे मात्र रोज विचारायचे, "आली का ऑर्डर?" शेवटी मी पुण्याच्या ताईच्या नावाने स्वतःच एक कुर्ता मागवला. ह्यांनी तो हौसेने घडी घालून बांधला. पत्ता लिहिता लिहिता थांबले.

"तुझ्या ताईने साडीशिवाय कधी काही घातलंय का गं?"

त्यांनी पत्ता पूर्ण केला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची जाहिरात तूच लिही."

दुकान दिवाळीला बंद केलं. हे पुन्हा खिडकीशी बसतात. पेन मी त्यांच्या हाताशीच ठेवते.