आक्काबाईची म्हैस

ओम : आई, तुझ्या गेममधल्या आक्काबाईला पळता का येत नाही गं? दहा मिनिटं झाली, अजून एकच ओढा ओलांडतोय मी.

अश्विनी : नऊवारी नेसून ढेकळांतनं पळून दाखव, मग बोल. आणि तो चहाचा कप उचल तिथनं. लॅपटॉपवर सांडला तर माझी तीन वर्षं जातील.

ओम : नाही सांडत. मी गेमच्या उणिवा लिहून काढतोय. पहिली, चालणं फार संथ. दुसरी, संगीत एकच. प्रत्येक गावात म्हैस शोधायची ती त्याच पिपाणीवर.

अश्विनी : सनई आहे ती. धनश्री मावशीच्या लग्नाच्या व्हिडिओतनं घेतलीय.

ओम : तिसरी उणीव मोठी आहे. आक्काबाईची लेव्हल वाढली की ताकद कमी होते. गेममध्ये लेव्हल वाढली की ताकद वाढते, आई.

अश्विनी : कुणाची?

ओम : सगळ्यांची.

अश्विनी : माझी सेहेचाळिसावी लेव्हल चालू आहे. सकाळी गुडघा धरून उठते. पण काष्टीच्या बाजारात आता मला कुणी फसवत नाही. आक्काबाईचंही तसंच. पहिल्या गावात कुत्र्यांशी मारामारी करते, पाचव्या गावात नुसतं ‘हाड’ म्हणते, कुत्रं वाट सोडतं.

ओम : हे भारी आहे. थांब, लिहून घेतो.

अश्विनी : उणिवांच्या वहीत?

ओम : दोन्ही बाजू लिहितोय. बरं, आक्काबाई कुणाच्या घरी पाणी प्यायल्याशिवाय तिथली माणसं म्हशीबद्दल बोलतच नाहीत, ते कसं केलंस?

अश्विनी : एक खूण ठेवलीय आत. पाणी प्यायली की खूण चालू होते, मग समोरचा पुढचं बोलतो. हूक लावल्याशिवाय ब्लाऊज बसत नाही, तसं. हिंदीतले व्हिडिओ बघून शिकले. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई ब्लाऊज उशिरा देते आणि कॉम्प्युटरशी भांडत बसते. पण तू इतकं बारीक का विचारतोयस रे? फोनवर कधी विषय काढला तर म्हणायचास, तुझा वेळ जातोय ना, मग झालं.

सहादेव : सांगून टाक की रं तिला. किती येळ वहीआड लपनार?

अश्विनी : काय सांगायचंय?

ओम : बाबा, मी सांगणारच होतो.

सहादेव : मंग सांग. आता चार वाजतील.

ओम : पुण्यात एक कंपनी आहे, गेम बनवणारी. नोकरी गेल्यापासून दहा महिन्यांत मी चाळीस ठिकाणी अर्ज केले, आई. कुणी साधं ‘नाही’सुद्धा कळवलं नाही. यांनी विचारलं, पूर्ण केलेला एखादा गेम आहे का. तू दिवाळीत मला पाठवला होतास ना, तो मी त्यांना पाठवला.

अश्विनी : आक्काबाई? कंपनीला? अरे, मग काय म्हणाले ते?

ओम : आवडला त्यांना. खूपच. आज चार वाजता संस्कृती मॅडमचा फोन येणार आहे. शेवटची मुलाखत.

अश्विनी : बाई गं. आणि मी हा गाऊन घालून बसलेय. मी काय बोलायचं त्यांच्याशी?

ओम : तुझ्याशी नाही, आई. माझ्याशी बोलणार आहेत.

अश्विनी : तुझ्याशी.

ओम : गेम उघडला की पहिल्याच पानावर येतं, निर्माता ओम सहादेव. मी नाही लिहिलं ते. तू लिहिलंयस.

अश्विनी : कॉम्प्युटरनं नाव विचारलं. लॅपटॉप तुझा जुना, म्हणून तुझं घातलं. गॅस यांच्या नावावर, मीटर यांच्या नावावर, माझी शिलाई मशीनसुद्धा यांच्या नावावर. हाताला सवय लागलीय.

ओम : मी खरं सांगणार होतो. पण त्या इतकं कौतुक करत होत्या, आणि वर्षभरात माझ्याशी कुणी तसं बोललं नव्हतं.

सहादेव : हे बघ ओमची आई, नाव कुनाचं का असंना, घरातच ऱ्हातंय. तुला का नोकरी करायची हाय पुन्याला? शेजारचा रंगनाथ रोज पारावर इच्यारतो, ओमचं काय चाललंय. मी म्हनतो, घरनंच काम करतोय. आता त्योबी ऐकून हासतो.

अश्विनी : तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?

सहादेव : बुधवारपासनं.

अश्विनी : चार दिवस. चार दिवस माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यात आणि बोलला नाहीत.

सहादेव : तू न्हाई म्हनली असतीस.

अश्विनी : नसते म्हणाले. तेच तर बोचतंय. विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते.

ओम : मग आता हो म्हण ना, आई.

अश्विनी : किती वेळ आहे?

ओम : आठ मिनिटं.

अश्विनी : आण ती वही. रांजणाचं लिहिलंच नाहीस. गेम फक्त रांजणापाशी सेव्ह होतो, तो का, म्हणून विचारतील. सांग, उन्हातनं चाललेलं माणूस दुसरीकडं कुठं थांबणार? लढाया कमी का म्हणाल्या तर सांग, माणसाचे भांडणापेक्षा मनधरणीतच जास्त दिवस जातात. कितव्या गावापर्यंत खेळलायस?

ओम : सहाव्या. सातवं राहिलं. पण शेवट काय, म्हैस सापडते ना?

अश्विनी : सापडते. बोल तू. मी आत मशीनवर बसते.

ओम : नको, इथंच बस. काही अडलं तर वहीत लिहून दाखव.

(फोन वाजतो. ओम स्पीकर चालू करतो आणि पेन आईच्या हातात देतो.)

संस्कृती : नमस्कार ओम. सरळ मुद्द्यावर येते. तुमच्या गेममधली चित्रं ओबडधोबड आहेत, आणि चौथ्या गावात मी दोनदा भिंतीतून आरपार गेले.

ओम : हो मॅम, ते काम बाकी आहे.

संस्कृती : ते आमची मुलं आठवड्यात करतील. पण गेममधली ती माणसं आमच्याकडे कुणालाच लिहिता येत नाहीत. लेव्हलबरोबर ताकद कमी होते, हे कळलं तेव्हा मी खेळ थांबवून माझ्या आईला फोन केला. तर जवळजवळ ठरलंच आहे. एक शंका तेवढी राहिली.

ओम : विचारा ना.

संस्कृती : शेवटच्या गावात सरवरी नावाच्या बाईच्या दारात म्हैस सापडते. चुकून आलेली म्हैस तिनं सांभाळलेली असते, शेजारी रेडकू असतं. आक्काबाई पाणी पिते, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवते. मग मी दावं सोडायला गेले. पंधरा वेळा बटण दाबलं, सुटतच नाही. आक्काबाई तशीच रिकाम्या हातानं परत निघते आणि गेम संपतो. हे चुकून झालंय की मुद्दाम केलंय?

ओम : ते... तो बग आहे, मॅम. राहून गेलाय. आजच दुरुस्त करतो. दावं सुटेल, म्हैस घरी जाईल.

संस्कृती : अच्छा. बग आहे. मला आपलं वेगळंच वाटलं होतं. ठीक आहे, मग तेवढं करून...

अश्विनी : चूक नाही ती.

ओम : आई.

संस्कृती : कोण बोलतंय?

सहादेव : कुनी न्हाई, म्याडम. घरातलं मानूस हाय.

अश्विनी : रेडकू तीन दिवसांचं आहे, मॅडम. सात गावांची वाट ते उन्हात चालणार नाही. त्याला मागं ठेवून म्हैस ओढत नेली, तर ती पान्हा चोरेल आणि रेडकू इकडं मरेल. पहिल्या गावातली आक्काबाई असती तर तिनं ओढून नेली असती, अंगात जोर होता. सातव्या गावातल्या आक्काबाईला दारातनंच कळतं. सुटणारं दावं मी आधी केलं होतं. म्हैस घरी यायची, वाजंत्री वाजायची. मग रात्रंदिवस तेच डोक्यात, रेडकाचं काय झालं असेल. म्हणून काढून टाकलं.

संस्कृती : तुम्ही काढून टाकलंत?

सहादेव : ओमची आई, बास आता.

अश्विनी : माझं नाव अश्विनी. तो गेम मी केलाय.