आत कोण?

सासू : डोळे असतील तर बघ. बारा सदरे. आणि बाराच्या बारांना दोन्ही पट्ट्यांवर काजं! बटणं कुठं लावायची? माझ्या कपाळावर?

लेक : आई, हळू. वहिनी मागच्या पायरीवरच बसलीय.

सासू : ऐकू दे. ऐकू आलं तर बरंच आहे. चाळीस वर्षं ह्या घरातून शिवण जातंय. हेडमास्तरांपासून दवाखान्याच्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या छात्या मी झाकल्यात. असला सदरा कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही. आंधळीसुद्धा बोटांनी चाचपून थांबली असती.

लेक : दीड महिनाच तर झालाय. भरल्या दिवसांचं बाळ गेलं तिचं.

सासू : मला सांगतेस? मीच हातात घेतलं होतं त्याला. हिला रड म्हटलं, रडत नाही. भांड म्हटलं, भांडत नाही. जेव म्हटलं की निमूट जेवते, ते तर त्याहून वाईट. म्हणून तुला बोलावलं. ठकूची पिशवी भरून ठेवलीय. चार महिने ने तिला तुझ्याकडे.

लेक : अडीच वर्षांची पोर. आईवाचून चार महिने?

सासू : ती पोरच जखमेवर मीठ चोळतेय. दगड दिसला की उचलून कानाला लावते, 'आत कोण?' शेंगेला कान, झाडाच्या बुंध्याला कान. मुंग्यांच्या बिळाला तर ढुंगण वर करून कान. परवा माझ्या पोटाला लावला. मेलं नेमकं तेव्हाच कुरकुरलं. ओरडली, 'आहे, आहे! बोलतंय!' शेजारीण दारात उभी. ह्या वयात माझी अब्रू! हसू नकोस.

लेक : नाही हसत. पण तिला हे शिकवलं कुणी?

सासू : कुणी म्हणजे?

लेक : कान लावायचं, विचारायचं.

सासू : मी. दुसरं कोण आहे ह्या घरात तोंड असलेलं? रोज दुपारी तिला हिच्या पोटाशी धरायची. विचारायची, 'आत कोण?' ती म्हणायची, 'बाळ.' मला काय ठाऊक पुढं काय होणार! आता शिकवलेलं उसवू कसं? काज एकदा कापलं की कापलं. जा, हाक मार तिला. ठकूला राहू दे तिथंच.

[सून दारात येऊन उभी राहते. बोटांना ओली माती.]

लेक : वहिनी, बस ना.

सून : बसते.

सासू : हे सदरे तू केलेस?

सून : हो.

सासू : दोन्हीकडे?

सून : हो. आत्ता बघितलं मी.

सासू : मग इतके दिवस लक्ष कुठं होतं?

सून : गोगलगाईकडे.

सासू : ऐक गं बाई! गोगलगाईकडे!

सून : कुंडीच्या मागं चिकटली होती. तोंडावर पापुद्रा ओढून. कोरडं पडलं की तशा बसतात. ठकूनं कान लावला, म्हणाली, 'आत कोण?' मी म्हटलं, माहीत नाही. मग ती रोज वाटीत बोट बुडवून एकेक थेंब टाकायची तिच्यावर. चार दिवस. मी शेजारी काजं करत होते.

लेक : आणि मग?

सून : मग आज पापुद्रा सुटला. आधी एक शिंग आलं. त्याच्या टोकाला डोळा. ठकूनं बोट पुढं केलं तर आत गेलं, पुन्हा आलं. ठकू म्हणाली, 'आहे.' तेव्हा मी सुई खाली ठेवली.

लेक : वहिनी, ठकूला थोडे दिवस नेऊ का मी? तुलाही जरा विसावा मिळेल.

सून : न्या.

सासू : न्या? भाजीची पिशवी आहे का ती?

सून : तुमचं ठरलंय ना? दारामागं तिचे कपडे भरलेले बघितले मी. लाल बूट राहिलेत. तेवढे टाका.

सासू : आणि तुला काहीच वाटत नाही?

सून : नाही. कशाचंच नाही. काल सुई बोटात गेली, ती कापडाला डाग पडला तेव्हा कळली.

लेक : अगं...

सून : एक सांगू? ह्या घरात माझ्या पोटाकडे कुणी बघत नाही. हे भिंतीकडे बघून बोलतात. तुम्ही वाढताना ताटाकडे बघता. शेजारीण माझ्या पायांकडे बघते. ठकू रोज सकाळी येते, पोटाला कान लावते, नीट ऐकते आणि म्हणते, 'नाही.' मीपण म्हणते, 'नाही.' मग आम्ही बाहेर जातो, दुसरीकडे कोण आहे ते बघायला. दिवसातनं तेवढंच काय ते बोलणं होतं माझं. बाकीचं नुसतं हो आणि नको.

लेक : आई, काहीतरी बोल.

सासू : थांब. मला विचारू दे. ती 'नाही' म्हणते तेव्हा दुखतं तुला?

सून : थोडं.

सासू : थोडं म्हणजे किती?

सून : सुईपेक्षा जास्त.

लेक : मग नकोच ते! मी आजच नेते तिला. पाचची गाडी आहे.

सासू : तू गप. दुखतंय म्हणतेय ना ती? दीड महिन्यात पहिल्यांदा म्हणतेय. ती पिशवी उघड आणि कपडे होते तिथं ठेव. गाडी गाठायची तर तू एकटी गाठ.

लेक : मला बोलावलंस कशाला मग?

सासू : चूक झाली. बारा सदऱ्यांची नव्हे, माझी. आणि तू ऐक गं. कापलेलं जुळत नसतं, पट्टी बदलावी लागते. बाराही पट्ट्या मी बदलते. उद्यापासून काजं करायची ती माझ्या शेजारी बसून. आणि पोरीबरोबर गोगलगाय बघायची तर हात रिकामे ठेवून बघायची. दोन्ही एकदम करशील तर दोन्हीकडे भोकंच पडतील. जा आता, वाटीतलं पाणी संपलं असेल. आणि सकाळी ती कान लावायला आली, की मला हाक मार. शिकवलं मी, तर 'नाही' ऐकायलाही मी हवी.