दोन डाव्या खडावा

आपल्या गाण्याच्या 'हा'-मंडपाचे मान्यवर अध्यक्ष, मंचावरचे ज्येष्ठ, आणि खुर्च्या उन्हातून सावलीत ओढणाऱ्या माझ्या वानवेईकर बंधुभगिनींनो,

उद्या सकाळी आपल्या दू मावशी लेकीकडे नाननिंगला कायमच्या निघाल्या. साठ वर्षं या मंडपात त्या गायल्या, हे सगळ्यांनीच सांगितलं. पण त्यांनी जमवलेल्या लग्नांचं काय?

आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकेक रंगवलेली खडाव द्यायची. एक डावी, एक उजवी निघाली, तर देवानंच जोडी जमवली. माझ्या वेळी दोन्ही खडावा मावशींच्या गाठोड्यात होत्या. सुरूच्या बनात त्यांनी हळूच गाठ सोडली. बघतात तर काय? दोन्ही डाव्या! मग या माउलीनं मुलीकडची खडाव काढून स्वतःच्या पायातली रंगवलेली उजवी आत सारली आणि एका पायानं अनवाणी वडीलधाऱ्यांसमोर उभी राहिली. "माझी चिखलात रुतली," म्हणे!

लग्नाच्या पंगतीत हे मला सांगून मावशींनी शपथ घातली, "मी बेटावर आहे तोवर तोंड उघडायचं नाही." मावशी, अजून एक रात्र बाकी आहे, पण माझ्याच्यानं आता राहवत नाही. भीती एकच. आमची पिंगयिन एक्केचाळीस वर्षं म्हणत आलीय, "देवानं जमवलं म्हणून नांदतेय." आता देवच मधून गेला. मला आज घरात घेतील का हो?

काय म्हणालीस, पिंगयिन? मोठ्यानं बोल, सगळे ऐकतायत.

"अहो, बसा खाली! तुमच्याकडून डावी येणार, हे मावशींकडून मी आदल्या दिवशीच काढून घेतलं होतं. मला तुम्ही नकोच होतात, म्हणून मुद्दाम डावी पाठवली!"

अगं बाई! मग ती उजवी तुझी नव्हे, हे ओळखलं नाहीस?

"माझ्या पायाचं माप मला कळत नाही होय? नांदायला आले त्याच दिवशी ओळखली. बोंब मारणारच होते. तर तुम्ही माझ्यासाठी शिंपल्यांतली कालवं सोलत बसलेले, बोट कापून घेतलेलं, आणि वर म्हणता, 'काही नाही, काही नाही.' म्हटलं, राहू दे."

...थांबा जरा. पाणी द्या कुणीतरी.

अध्यक्षमहाराज, वेळ दिलात, आभारी आहे. मावशी, शपथ मोडली, पोटात घाला. मंडळी, बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर माफ करा, आणि मला लवकर सोडा. बाजार उठायच्या आत कालवं घ्यायची आहेत.