ट्रेनरचे हात

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला, तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, आणि काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं गोल खाल्ला की अख्खी पेठ चार दिवस बोलत न्हाई. मग इंजिनिअरिंग, मग कंप्युटर, आणि दोन हजारच्या सुमारास नोकरीला फ्रँकफर्टला आलो. पहिल्याच रविवारी ट्रामच्या शेवटच्या स्टॉपला एक मैदान दिसलं आणि झालं, शिरलो आत. फेराइन म्हणतात, गावचा क्लब, सुतार, पोस्टमन, बेकरीवाला, सगळे खेळतात. गुडघा जाईपर्यंत गोल मीच सांभाळला.

गुडघा गेला तसे आमचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, आल्झो, म्हंजे तर मग, आता तू ट्रेनर. झालो. पण बघा, गोलकीपरला बाहेर उभं करणं म्हंजे शिक्षाच. बूड टेकत न्हाई. मी आपला रेषेला लागून येरझारा घालतोय, आमची ही म्हणायची, अहो, बसा की जरा, लोक बघतायत. बसवतंय कुठं!

वर्ल्ड कप इथं झाला ना, त्याच्या जरा आधीची गोष्ट. सीझनची शेवटची मॅच, जिंकलो तरच टिकणार, न्हाईतर लीगच्या खालच्या वर्गात. दोन मिनिटं उरलेली, शून्य-शून्य. आमचा बेकरीवाला येन्स माझ्याच बाजूच्या रेषेकडनं बॉल घेऊन सुटला, पुढं फक्त त्यांचा गोलकीपर. बॉल टप्पा खाऊन उडाला, माझ्या अंगावर आला, आणि मी धरला. दोन्ही हातांनी, छातीशी, घट्ट. बॉल बाहेर गेलाच नव्हता हो! शिट्टी वाजली, पंचांनी मला हाकललं, मॅच तशीच सुटली. आम्ही खाली गेलो, माझ्यामुळं. गाडीत बसून रडलो मी, लपवायचं काय त्यात.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरकी सोडतो म्हणून सांगायला गेलो, तर अध्यक्ष म्हणाले, मंगळवारी प्रॅक्टिस हाय, वेळेवर ये. येन्स मात्र उन्हाळाभर बोलला न्हाई. बेकरीत गेलो की पाव द्यायचा आणि तोंड फिरवायचा. लय लागायचं मनाला.

नवा सीझन लागला, पहिली मॅच, मी रेषेवर चुळबूळ करतोय, तर येन्स आला, कॉफीचे दोन गरम कप घेऊन, काठोकाठ भरलेले. एक या हातात दिला, एक त्या हातात. म्हणाला, ट्रेनर, सांडायची न्हाई.

तेव्हापासून दर रविवारी हेच. मी कॉफी पीतच न्हाई. येरझारा चालूच हायत, कप हातातच गार होतात. वरच्या वर्गात काय चढलो न्हाई अजून. खरं येन्स बोलतोय माझ्याशी, सुखी राहू दे त्याला, मला तेवढं पुरं हाय.